बैलाच्या शिंगांना पुरेल एवढा रंगाचा डबा विकणारा माणूस : चंपकलाल चोक्सी

बुलढाणा जिल्ह्यातलं देऊळगाव राजा. जालन्याहून चिखलीकडं जाताना लागणारं तालुक्याचं गाव. जाधव राजांनी वसवलेल्या बालाजीचं गाव म्हणून त्याची पंचक्रोशीत ओळख. श्रावण संपत आला की इथल्या बाजारात पोळ्याची गर्दी सुरू होते. झुली, घुंगरमाळा, नवे कासरे, नव्या वेसणी, बाशिंगं. आणि या सगळ्यासोबत हमखास घेतली जाणारी एक गोष्ट म्हणजे ऑइल पेंटचा तळहातावर मावेल एवढा लहानसा डबा.

खांदेमळणी झाली, बैल धुतले की शिंगं घासायची आणि त्यांना लाल, निळा नाहीतर हिरवा रंग द्यायचा. एका जोडीची चार शिंगं रंगवून झाली तरी डब्यात थोडा रंग उरतोच. मग तो उरलेला रंग घरात फिरायला लागतो. देव्हाऱ्याची चौकट, पोराच्या अभ्यासाचं स्टूल, आजीच्या काळचा पाळणा, दाराची कडी. वर्षभर कळकट दिसणारं लाकडी सामान दोन दिवसांत नवं होतं. गावात रंगारी बोलवायची गरज पडत नाही.

आज यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण एक काळ असा होता की साध्या शेतकऱ्याला घरातलं एखादं स्टूल रंगवायचं असलं तरी त्याच्या मापाचा रंगच बाजारात मिळत नव्हता. तो छोटा डबा गावोगाव पोहोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे त्यातलं महत्त्वाचं नाव म्हणजे चंपकलाल चोक्सी. एशियन पेंट्स सुरू करणाऱ्या चौघांपैकी एक.

रंग होता, पण सामान्य माणसासाठी नव्हता

चंपकलाल चोक्सींचं मोठेपण समजून घ्यायचं तर आधी त्या काळी रंग म्हणजे काय भानगड होती ते बघावं लागतं.

आपल्याकडं जुन्या काळी लाकूड राखायचं मुख्य साधन म्हणजे तेल. विदर्भात ज्याला जवस म्हणतात आणि इतरत्र अळशी, त्याचं तेल. हे तेल उकळून सुतार लाकडाला पाजायचे, त्याला बेलतेल म्हणायचे. या तेलाची गंमत अशी की ते पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं आणि लाकडावर त्याची पातळ, चिवट कातडी तयार होते. शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल लावलं तर लाकूड नुसतं तेलकट राहतं, जवसाचं तेल मात्र वाळतं. जगभरातल्या ऑइल पेंटचा पाया याच गुणावर उभा राहिला.

या तेलात रंगाची पूड घोटली की झाला रंग. सफेदा, काव, हिरमिंजी, काजळी अशा पुडी वाण्याकडं सुट्या मिळायच्या. रंगारी त्या तेलात खलायचा, टर्पेंटाईन घालून पातळ करायचा आणि दारं-खिडक्यांना लावायचा. पण प्रत्येक वेळचं मिश्रण वेगळं. आज केलेला हिरवा उद्या तसाच होईल याची खात्री नाही. वाळायला किती दिवस लागतील तेही हवामानावर आणि रंगाऱ्याच्या हातावर. बैलाच्या शिंगांना तर हिंगूळ लावायचे.

तयार डब्यातला रंग हा साहेबांचा माल होता. हावड्याला 1902 मध्ये शालिमार पेंट्सचा कारखाना निघाला. मुंबईत लोअर परळला 1920 मध्ये गहागन पेंट्स सुरू झाली, तीच पुढं गुडलास वॉल आणि नंतर नेरोलॅक म्हणून ओळखली गेली. याशिवाय विलायतेहून माल यायचा. या कंपन्यांची गिऱ्हाइकं म्हणजे रेल्वे, जहाजं, पूल, कारखाने, सरकारी इमारती आणि शहरातले बंगले. माल मोठ्या डब्यात, पिंपात. आपल्या घरचा पाळणा रंगवणारा माणूस त्यांच्या हिशोबातच नव्हता.

1942, गिरगावातलं गॅरेज

मग आलं 1942 साल. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, युद्ध भारताच्या दारात आलं. जहाजांचे मार्ग धोक्यात आले आणि रंगाच्या आयातीवर तात्पुरती बंदी आली. बाजारात उरल्या त्या इथं कारखाने असलेल्या विदेशी कंपन्या आणि शालिमार. मागणी होती, माल कमी होता.

ही फट चार मित्रांनी हेरली. चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील. चौघंही मुंबईतले गुजराती तरुण. रंगाच्या धंद्यात मुरलेली मोठी घराणी नाहीत, मागं कुठली विलायती कंपनी नाही. 1 फेब्रुवारी 1942 रोजी त्यांनी गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजमध्ये रंग बनवायला सुरुवात केली.

नाव काय द्यायचं? सांगतात की त्यांनी टेलिफोन डिरेक्टरी उघडली आणि त्यातून नाव उचललं. एशियन ऑइल अँड पेंट कंपनी. एका गॅरेजमधला धंदा आणि नावात अख्खा आशिया खंड.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गिरगावापासून जवळच असलेल्या गवालिया टँक मैदानावरून चले जाव आंदोलनाची हाक गेली. शहरात धरपकड, हरताळ, लाठीमार. अशा दिवसांत या चौघांचा धंदा उभा राहत होता. 1945 पर्यंत कंपनीची उलाढाल साडेतीन लाख रुपयांवर गेली. त्या काळाच्या मानानं ही रक्कम लहान नव्हती.

पण खरी परीक्षा पुढं होती. युद्ध संपलं, आयात पुन्हा सुरू होणार होती. विदेशी कंपन्यांकडं पैसा होता, नाव होतं आणि शहरातल्या बड्या व्यापाऱ्यांशी जुने संबंध होते. गिरगावातल्या या नव्या पोरांचा माल आपल्या दुकानात ठेवायला मोठे घाऊक व्यापारी कशाला तयार होतील? तिथंच लढत बसले असते तर ही कंपनी कदाचित दहा वर्षांत विसरली गेली असती.

शहराचा नाद सोडला, गावाची वाट धरली

चंपकलाल आणि त्यांच्या भागीदारांनी इथं जो निर्णय घेतला तो आज व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवला जातो.

सगळ्या कंपन्या मोठ्या शहरांत होत्या, म्हणून हे लहान गावांकडं वळले. सगळ्या कंपन्या कारखान्यांना आणि सरकारला माल विकत होत्या, म्हणून हे थेट घरमालकाकडं गेले. सगळ्यांची भिस्त मोजक्या घाऊक व्यापाऱ्यांवर होती, म्हणून यांनी छोट्या दुकानदारांशी थेट संबंध जोडले. तालुक्याच्या गावातला हार्डवेअरवाला, ज्याला मोठी कंपनी दारात उभं करत नव्हती, तो यांचा डीलर झाला.

आता गावातल्या दुकानदाराची अडचण बघा. त्याच्याकडं भांडवल कमी. चार-पाच लिटरचे मोठे डबे भरून ठेवले तर पैसा अडकतो. गिऱ्हाइकाची अडचण वेगळीच. त्याला अख्खं घर रंगवायचंच नाही. भिंतीला चुना आणि खाली शेणाचं सारवण, त्यात त्याचं भागतं. त्याला रंग हवाय तो एका दाराला, एका पेटीला, एका पाळण्याला.

साधा हिशोब आहे. गुळगुळीत लाकडावर एक लिटर ऑइल पेंट एका हातात शंभर चौरस फुटांच्या पुढं जातो. म्हणजे 100 मिली रंगात दहा फूट तरी भागतं. एखाद्या स्टुलाचं सगळं अंग मिळून पाच फूट धरलं तर दोन हात मारायला 100 मिली पुरतो. अशा माणसाला लिटरचा डबा विकणं म्हणजे त्याला परत पाठवणं. नऊ भाग रंग वाया जाणार हे त्याला दिसतं आणि तो घरी जाऊन तेलच पुसतो.

एशियन पेंट्सनं उत्तर शोधलं ते लहान डब्यांचं.

पोळा पावला

या लहान डब्याशी जोडलेली एक गोष्ट कंपनीच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. ग्रामीण महाराष्ट्रात फिरणाऱ्या विक्रेत्यांच्या लक्षात आलं की पोळ्याच्या आधी रंगाची मागणी एकदम वाढते. घर रंगवायला नाही, तर बैलाची शिंगं रंगवायला. शेतकऱ्याला भडक रंग हवेत, दोन-तीन तऱ्हेचे हवेत आणि अगदी थोडे हवेत.

दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या साहेबानं हे ऐकून हसण्यावारी नेलं असतं. इथं मात्र शिंगं रंगवणारा शेतकरी हा रीतसर गिऱ्हाईक मानला गेला. पोळ्याआधी गावागावांत छोट्या डब्यांतला भडक रंग पोहोचू लागला.

आणि हा धंदा एका दिवसाचा नव्हता. दक्षिण महाराष्ट्रात आषाढात बेंदूर असतो. मराठवाडा-विदर्भात श्रावणी अमावस्येला पोळा. तमिळनाडूत जानेवारीत पोंगल, तिथंही मट्टू पोंगलला गुरांची शिंगं रंगवतात. पाठोपाठ दसरा-दिवाळी आली की घरं आणि सामान रंगवायची लगबग. म्हणजे पंचांग नीट वाचता आलं तर वर्षभर कुठं ना कुठं छोटा डबा खपतो.

यातून आणखी एक गोष्ट साधली. ज्या घरात रंगाचा डबा कधी आला नव्हता तिथं तो बैलाच्या निमित्तानं आला. शिंगांवरचा रंग पावसात टिकतो हे शेतकऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं. उरलेला रंग दाराला लावून बघितला. पुढच्या वर्षी त्यानं दारासाठी वेगळा डबा घेतला. ज्या दुकानदारानं पोळ्याला चार डबे विकले तो दिवाळीला चाळीस ठेवायला तयार झाला.

घरच्या घरी रंग, म्हणजे नेमकं काय?

छोटा डबा आला तसं रंगकाम घरच्यांच्या हातात आलं. जुनं लाकडी कपाट किंवा पाळणा रंगवायची पद्धत तेव्हापासून आजपर्यंत फारशी बदललेली नाही.

आधी पॉलिश पेपरनं घासायचं. जुन्या रंगाची चकाकी मोडली नाही तर नवा रंग धरत नाही, सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात. मग धूळ पुसायची, भेगा आणि खिळ्यांची भोकं लांबी भरून बुजवायची. लांबी वाळली की पुन्हा हलक्या हातानं घासायचं. त्यावर प्रायमरचा एक हात. कोरडं लाकूड तेल पितं, ते आधी प्रायमरनं भागवलं नाही तर वरचा महागाचा रंग लाकूडच पिऊन टाकतं.

त्यानंतर रंगाचे दोन पातळ हात. मध्ये किमान एक रात्र जाऊ द्यायची. इथं बहुतेकांची घाई नडते. ऑइल पेंट हवेतून वाळतो. एकच जाड थर दिला तर वरून कातडी धरते, आत रंग ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. म्हणून दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही चांगले. पोळ्याच्या पावसाळी हवेत वाळायला जास्त वेळ लागतो, दिवाळीच्या कोरड्या उन्हात काम पटकन होतं.

एक सावधगिरी मात्र आज घ्यायलाच हवी. जगभरात जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं वापरलं जायचं. रंग चमकदार व्हायचा, लवकर वाळायचा. पण हे शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. भारतात घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग अशी ठरवणारा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यामुळं आजोबांच्या काळचा पाळणा रंगवायला काढला असेल तर जुना रंग कोरडा घासू नये. पाणी मारून घासावं, तोंडाला फडकं बांधावं, पोरांना लांब ठेवावं आणि निघालेला चुरा गोळा करून टाकावा.

हातात ब्रश घेतलेलं पोरगं

माल गावात पोहोचला, पण तो ओळखायचा कसा? गिऱ्हाइकांतल्या अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. इंग्रजी नाव वाचून डबा मागणं दूरच.

1954 साली कंपनीनं व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्याकडून एक चित्र काढून घेतलं. कपाळावर केसांची झुलपं आलेलं, हातात रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेलं एक खट्याळ पोरगं. त्याचं नाव ठेवण्यासाठी स्पर्धा लावली, बक्षीस 500 रुपये. तब्बल 47 हजार नावं आली. मुंबईच्या दोघांनी एकच नाव सुचवलं होतं, ते निवडलं गेलं. गट्टू.

गट्टूमुळं भाषेचा प्रश्नच मिटला. गिऱ्हाईक दुकानात येऊन पोराचं चित्र असलेला डबा मागू लागलं. त्या पोरानं साहेबी कोट घातलेला नव्हता. ते कुणाच्याही घरातलं वाटावं असं होतं. पुढची जवळपास पाच दशकं ते डब्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर राहिलं.

भिंतींच्या बाबतीतही हेच सूत्र होतं. एकीकडं स्वस्तातला कोरडा डिस्टेंपर, जो हात लावला की हाताला लागायचा. दुसरीकडं महागडे प्लास्टिक इमल्शन. मधल्या माणसासाठी काहीच नाही. तिथं कंपनीनं धुता येणारा ट्रॅक्टर डिस्टेंपर आणला. ट्रॅक्टर हे नावसुद्धा गावाकडच्या माणसाला कळेल असंच.

भांडुपला मोठा कारखाना उभा राहिला. आणि 1967 साली, म्हणजे गॅरेजमधल्या सुरुवातीनंतर अवघ्या 25 वर्षांत, एशियन पेंट्स देशातली पहिल्या क्रमांकाची रंग कंपनी झाली. ज्या विदेशी कंपन्यांनी शहरं धरून ठेवली होती त्यांना गावाकडून आलेल्या कंपनीनं मागं टाकलं.

छोट्या डब्याची मोठी डोकेदुखी

पण छोटा डबा विकणं सोपं नसतं. पन्नास रंगछटा आणि प्रत्येकीचे पाच आकाराचे डबे धरले तर 250 प्रकारचा माल होतो. तो देशभरातल्या हजारो दुकानांत. कुठल्या गावात कोणत्या महिन्यात कोणता रंग लागेल? पोळा झाल्यावर लाल रंगाची गाडी पोहोचली तर उपयोग काय? जास्त पाठवावा तर पैसा अडकतो, कमी पाठवावा तर गिऱ्हाईक दुसरीकडं जातं.

म्हणून चंपकलाल यांच्या कंपनीनं सत्तरच्या दशकात संगणकाची वाट धरली. बहुतेक भारतीय कंपन्यांत तेव्हा वह्यांवर कारभार चालायचा. संगणक वापरला तरी पगारपत्रकापुरता. इथं मात्र त्याच्याकडून विक्रीचा अंदाज काढून घेतला जाऊ लागला. सोबत शिकलेले व्यवस्थापक नेमले गेले. चार मित्रांची कंपनी होती, पण कारभार किराणा दुकानासारखा चालवायचा नाही, हा आग्रह दिसत होता.

1970 च्या दशकाच्या अखेरीस फिजीमध्ये कंपनीनं परदेशातलं पहिलं पाऊल टाकलं. 1982 मध्ये शेअर बाजारात आली. अंकलेश्वर, पाटणचेरू, कासना इथं कारखाने निघाले. चंपकलाल यांचे चिरंजीव अतुल चोक्सी यांच्याकडं कारभाराची सूत्रं आली.

शेवटच्या वर्षांतली ताटातूट

चार घराण्यांनी पन्नास वर्षं एकत्र धंदा करणं ही आपल्याकडं दुर्मिळ गोष्ट. जिथं सख्खे भाऊ दहा वर्षांत दुकानाच्या मध्ये भिंत घालतात, तिथं या चौघांनी हे निभावलं होतं.

पण 1990 च्या दशकात दुसऱ्या पिढीच्या काळात मतभेद सुरू झाले. भारताबाहेर वाढलेल्या धंद्यावर हक्क कुणाचा, हा वादाचा मुद्दा होता. वाद मिटला नाही. 1997 मध्ये चोक्सी कुटुंबानं कंपनीतून बाहेर पडायचा रस्ता धरला. त्याच वर्षी जुलै महिन्यात चंपकलाल चोक्सी यांचं निधन झालं.

त्यांच्या घराण्याचा हिस्सा कुणाकडं जाणार हा त्या काळी उद्योगजगतातला गाजलेला प्रश्न होता. इंग्लंडची बलाढ्य आयसीआय कंपनी त्यासाठी पुढं आली होती. ज्या विलायती मालाच्या टंचाईतून एशियन पेंट्स जन्मली, तिच्यात विलायती कंपनी भागीदार होण्याची वेळ आली होती. पण ते जमलं नाही. शेवटी उरलेली तीन घराणी आणि युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी ते शेअर घेतले. कंपनी इथल्या लोकांच्याच हातात राहिली. मात्र ज्यांनी ती उभी केली त्यांपैकी एका नावाचा धागा तिथं तुटला.

चंपकलाल चोक्सींच्या नावानं गावागावांत पुतळे नाहीत. ज्यांनी त्यांचा रंग वापरला त्यातल्या बहुतेकांना त्यांचं नावही ठाऊक नाही. गट्टू ओळखणारे लाखो निघतील, चोक्सी ओळखणारे मोजके.

आता शेतात ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या. देऊळगाव राजासारख्या गावात प्लायवूडची कपाटं, तयार सनमायका लावलेलं फर्निचर आलं. तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात छोटा डबा मागणारा माणूस आजही उभा असतो. दुकानदार त्याला किती लिटर म्हणून विचारत नाही. फळीवरचा सगळ्यात लहान डबा काढतो, झाकण घट्ट आहे का बघतो आणि कागदात गुंडाळून देतो. बैल सजतो, उरलेल्या रंगात घरातलं जुनं स्टूल उजळतं.